सुभेदार रामजी सकपाळ : एका पेन्शनर शिपायाचा संसार

यंदाच्या स्मरणिकेकरिता काही इतिहासपर मजकूर लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी पडलो मॅट्रिक पास झालेला, खेड्यातील मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात आयुष्य घालविलेला सेवानिवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि एक प्रसंग असा घडला की, या विषयावर लिहिणे हे मला कर्तव्यच वाटू लागले.

आमच्या सानगडी गावी आंबेडकर जयंतीची मिरवणूक निघते. एका वर्षी ती आटोपल्यावर एक लहान मुलगा माझ्याजवळ आला आणि त्याने विचारले, “गुरुजी, बाबासाहेबांचे बाबा काय करीत होते?” मी म्हणालो, “सुभेदार होते.” मुलाने पुन्हा विचारले, “मंग ते घरी काय करत?” या प्रश्नावर मी गप्प राहिलो. जन्मभर मुलांचे प्रश्न सोडविले, परंतु या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. आपण दरवर्षी पुत्राचा जयजयकार करतो, आणि ज्या पित्याने त्या पुत्राला दिव्यासमोर बसविले त्याच्याविषयी एका ओळीपलीकडे आपणांस सांगता येत नाही, याची मला त्या दिवशी लाज वाटली. पुढे मी चांगदेव खैरमोडे व धनंजय कीर यांची चरित्रे पुन्हा काढून बसलो, बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी वाचल्या. त्यांतून जे हाती लागले ते समाजबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. कुळ सकपाळ. त्यांचे वडील मालोजी हेही ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होते. महार समाजातील तरुणाने मुंबई इलाख्याच्या पलटणीत भरती व्हावे, ही त्या काळी कोकणात व देशावर रूढ गोष्ट होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे झालेल्या लढाईच्या स्तंभावर त्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि तेथे जाऊन आलेले कितीतरी लोक आपल्या भंडारा जिल्ह्यातही आहेत. इंग्रजांच्या चाकरीचे भूषण ते कसले, असा आक्षेप कोणी कोणी घेतात. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. गावात ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्याला अंगावर गणवेश, हातात बंदूक आणि महिन्याच्या महिन्याला रोख पगार जेथे मिळाला तेथे तो गेला. त्याच्यापुढे दुसरे दार उघडे होते काय, हे आक्षेप घेणाऱ्यांनी आधी सांगावे.

परंतु पलटणीने बंदुकीहूनही मोठी वस्तू त्यांच्या हाती दिली. लष्करातील शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. छावणीत मुलांसाठी दिवसाची शाळा व प्रौढांसाठी रात्रीची शाळा चाले. गावच्या शाळेत ज्याला पायरीवरही बसू दिले नसते, त्याचे पोर छावणीच्या शाळेत पाटी घेऊन बसत असे, आणि न बसल्यास बापाला जाब द्यावा लागे! या शाळांना शिक्षक हवेत म्हणून पुण्यास लष्करी नॉर्मल स्कूल होते. रामजी तेथे शिकले, शिक्षक झाले, आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. सुभेदार हा हुद्दा त्यांना मिळाला तो मुख्यतः या सेवेत. म्हणजे ज्यांना आपण तलवारबहाद्दर म्हणून कल्पितो ते खरे पाहता शाळामास्तर होते. मी स्वतः मास्तर असल्यामुळे या गोष्टीवर थोडा अधिक रेंगाळलो, तर वाचकांनी क्षमा करावी. शिक्षकाच्या घरात एक सवय असते. तो घरी आला तरी त्याची शाळा सुटत नाही. शेजारच्या पोराने चुकीचा पाढा म्हटला तरी त्याला जेवण गोड लागत नाही. रामजींच्या पुढील सगळ्या वागण्याचा उलगडा मला या एका गोष्टीने झाला.

त्यांचा विवाह ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाला. हे घराणेही लष्करी पेशाचे, सुभेदार मेजरांचे आणि सकपाळांपेक्षा पुष्कळ सुस्थितीतील. मुलगी आपल्याहून गरीब घरात दिली गेल्याची बोच माहेरी होती असे चरित्रकार सांगतात, परंतु भीमाबाई मानी होत्या. त्यांनी दारिद्र्य सोसले आणि संसार केला. या दांपत्यास चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बलराम, आनंदराव व भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली एवढीच पुढे उरली. आजच्या तरुण मातापित्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. चौदांतून पाच! त्या काळी घरोघरी हेच होते म्हणून आपण सहज पुढे जातो, परंतु प्रत्येक मूल वेगळेच पुरावे लागते. चौदावे अपत्य म्हणजे भीमराव. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी माळव्यातील महू छावणीत झाला. आज त्या गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर असे आहे.

भीमराव अवघे दोन-तीन वर्षांचे असताना रामजींनी पेन्शन घेतली. पेन्शन महिना पन्नास रुपये. सुमारे याच सुमारास एक मोठा आघात सबंध समाजावर झाला. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात हिंदुस्थानातील जातींची लढवय्ये व बिनलढवय्ये अशी वाटणी करण्याचे धोरण आले, आणि १८९२च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. तीन पिढ्या ज्यांनी पलटणीत काढल्या ते एका हुकुमाने बिनलढवय्ये ठरले. वाचकहो, हा केवळ नोकरीचा प्रश्न नव्हता. भरती बंद म्हणजे छावणीची शाळा बंद, आणि गावची शाळा तर आधीपासूनच बंद. जी वाट आंबडव्याहून पुण्याच्या नॉर्मल स्कूलपर्यंत गेली होती ती मध्येच मोडली. हा हुकूम फिरवावा म्हणून सरकारकडे अर्ज करण्याची खटपट झाली. रामजींनी त्या अर्जाकरिता न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असे कीरांनी नमूद केले आहे. कोकणात गोपाळबाबा वलंगकर या दुसऱ्या पेन्शनर शिपायानेही हीच मागणी लावून धरली होती. अर्जांचा उपयोग झाला नाही. रामजी स्वतः पेन्शनीत निघाले होते, त्यांचे वैयक्तिक नुकसान काहीच नव्हते. परंतु पदरी तीन मुलगे होते, आणि ज्या दारातून आजोबा आणि बाप आत गेले ते दार मुलांच्या तोंडावर लागले होते. या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून पडला असला पाहिजे. त्याचे जे उत्तर त्यांनी शोधले ते त्यांच्या उरलेल्या आयुष्यातून दिसते.

पेन्शनीनंतर कुटुंब प्रथम कोकणात दापोलीस राहिले. तेथे लष्करी पेन्शनरांची वस्तीच होती. पन्नास रुपयांत एवढा संसार भागेना म्हणून रामजींनी पुन्हा नोकरी शोधली आणि साताऱ्यास बांधकाम खात्याकडे कोठीवरची जागा धरली. साताऱ्यासच १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. घर सांभाळण्यास रामजींची बहीण मीराबाई होती. तिच्या पाठीला कुबड होते, पण पोरांवर तिचा फार जीव होता. काही वर्षांनी रामजींनी जिजाबाई नावाच्या विधवेशी दुसरा विवाह केला. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहान भीमरावांना अतिशय राग येई, आणि वडिलांच्या पैशावर राहायचे नाही म्हणून त्यांनी मुंबईस गिरणीत काम करण्यासाठी पळून जाण्याचा बेत केला होता, त्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवीही चोरली होती, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पिशवीत निघाला अर्धा आणा! मग पळून जाण्याऐवजी अभ्यास करून लवकर कमावते व्हावे असे त्यांनी ठरविले. या दुसऱ्या विवाहाबद्दल रामजींना दोष देणारे मला भेटले आहेत. पाच लेकरांचा विधुर, दिवसभर नोकरी, अपंग बहीण. ज्यांनी अशी घरे जवळून पाहिली आहेत ते दोष देण्यास धजणार नाहीत. आणि मुलाचा रागही खोटा नव्हता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजींनी भीमरावांना साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत घातले. शाळेच्या पटावर नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. सकपाळ न लावता गावावरून आडनाव लावण्याची रीत कोकणात आहेच. हाच दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या शाळांतूनही तो साजरा होतो, मुले भाषणे करतात. मात्र त्या दिवशी मुलाचा हात धरून त्याला शाळेच्या दारापर्यंत नेणारा एक पेन्शनर सुभेदार होता, हे भाषणात क्वचितच येते. त्या शाळेत भीमरावांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागले, आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी पिता येत नव्हते. ज्या बापाने छावणीच्या शाळेत सर्व जातींच्या मुलांना शिकविले, त्याच्याच मुलाला बाहेरच्या शाळेत तहानलेले राहावे लागले.

यानंतर गोरेगावचा प्रसंग येतो. त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. त्या सालांत दुष्काळ होता. १८९९-१९००चा तो दुष्काळ आपल्या नागपूर-भंडारा भागातही होता आणि जुन्या माणसांच्या तोंडी त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे सरकारने दुष्काळी काम म्हणून तलाव खोदण्यास काढला होता. आम्ही तलावांच्या जिल्ह्यातील माणसे, आमच्या गावोगावी मालगुजारी तलाव आहेत, त्यामुळे तलावाच्या पाळीवर माती टाकणारी उपाशी माणसे कशी दिसत असतील हे आम्हांस सांगावे लागत नाही. त्या कामावर रामजी खजिनदार होते. मजुरांची मजुरी त्यांच्या हातून वाटली जाई. मुले साताऱ्यास आत्याजवळ, आणि बाप दूर मुक्कामी.

१९०१ साली सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे रामजींनी कळविले. पोरांना केवढा हर्ष झाला! नवे इंग्रजी तऱ्हेचे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे असा सगळा थाट केला. रेशीमकाठी धोतर म्हटले की आम्हा भंडाऱ्याकडील लोकांना माग आठवतो, आणि ते धोतर नेसून आरशात पाहणारी पोरे डोळ्यांपुढे उभी राहतात. रामजींनी बजावले होते, निघण्यापूर्वी पत्र टाका, मी मसूर स्टेशनवर माणूस पाठवीन. मुलांनी पत्र टाकले. मसूरला उतरले, तर कोणीही आलेले नव्हते. त्या नीटनेटक्या पोरांजवळ स्टेशनमास्तर मायेने आला, जात विचारली, आणि उत्तर ऐकताच चार पावले मागे सरला. गाडीवाले दुप्पट भाडे मिळत असूनही महारांची पोरे बसवून घेईनात. शेवटी असे ठरले की, पोरांनीच गाडी हाकावी आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालावे. शिदोरी बरोबर होती, परंतु वाटेत पाणी कोणी देईना. नाक्यावरच्या माणसाजवळ मागितले तरी मिळाले नाही. पाण्यावाचून घास उतरेना म्हणून भरलेल्या शिदोरीशेजारी मुले उपाशीच निजली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली, तेव्हा रामजी चकित झाले. त्यांना पत्राचा पत्ताच नव्हता. पत्र आले होते, पण नोकराने ते त्यांच्या हाती द्यायचे विसरले होते.

हा प्रसंग आपण नेहमी मुलाच्या बाजूने ऐकतो, आणि ते योग्यच आहे, कारण अस्पृश्यता म्हणजे काय याचा पहिला मोठा धडा बाबासाहेबांना त्या वाटेवर मिळाला असे त्यांनीच लिहिले आहे. मी मात्र बापाच्या बाजूनेही विचार करतो. पंचवीस वर्षे पलटणीत घालविलेला, सुभेदाराची पदवी मिळालेला मनुष्य. शेकडो मजुरांचा पैसा ज्याच्या विश्वासावर सोपविलेला. त्याच्या लेकरांना रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही, आणि तो काही मैलांवर स्वस्थ झोपलेला होता, कारण एका नोकराला एक कागद द्यायचे आठवले नाही. त्या रात्रीचे त्याला किती दिवस वाटले असेल!

१९०४च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. जागा म्हणजे एक खोली. तीतच चूल, तीतच भांडी, सरपण, जाते, धूर, आणि तीतच अभ्यास. दोघांनाही शिकविण्याची ऐपत नव्हती म्हणून आनंदरावांना कामावर जावे लागले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. दोन मुलांतून एकाला निवडणे बापाला कसे जमले असेल कोण जाणे. आनंदरावांनी कुरकुर केल्याचे मात्र कोठे वाचनात आले नाही, आणि त्यांचा उल्लेख आपण आजही फारसा करीत नाही.

त्या खोलीत पाय पसरण्यासही जागा नसे. म्हणून रामजींनी झोपेची पाळी लावली, पलटणीत पहाऱ्याची लावतात तशी. भीमरावांनी संध्याकाळी लवकर निजावे. रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत बसत. दोन वाजले की मुलाला उठवून स्वतः झोपी जात. मग काच नसलेल्या मिणमिणत्या चिमणीपुढे मुलाचा अभ्यास सुरू होई. आता पुष्कळ वडील असे म्हणतात की, आम्ही मुलाला पहाटे उठवितो. उठविणे निराळे आणि मुलाची झोप व्हावी म्हणून स्वतः मध्यरात्रीपर्यंत बसून राहणे निराळे. तेही साठी गाठत आलेल्या माणसाने.

इंग्रजी व भाषांतर ते स्वतः घोकून घेत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली. मुलाला शाळेच्या पुस्तकांखेरीज इतर पुस्तकांचे वेड लागले होते, आणि ते वेड पुरविणे पन्नास रुपयांच्या पेन्शनीला झेपणारे नव्हते. मुलगा पुस्तक मागे, तेव्हा रामजी डोक्याला पागोटे घालून निघत. आधी धाकट्या मुलीच्या सासरी जात आणि दोन-चार रुपये उसने मागत. तिच्याजवळ नसले तर थोरल्या मुलीकडे जात. तिच्याजवळ रोकड नसे, पण लग्नातला एखादा दागिना असे. तो दागिना घेऊन रामजी मारवाड्याकडे जात, गहाण टाकीत, पुस्तक घेऊन घरी येत. महिना संपून पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत नेऊन देत. पुन्हा पुस्तक लागले की पुन्हा तोच दागिना. किती फेरे झाले याची मोजदाद नाही.

समाजबंधूंनो, आपल्या रिवाजात मुलीच्या घरचे पाणी पिणेही बापाला जड जाते. तेथे जावयाच्या दारी उभे राहून मुलीजवळ पैसे मागणे ही त्या मानी सुभेदाराला केवढी शरमेची गोष्ट असेल! आणि त्या मुलींचाही विचार करावा. त्यांना स्वतःला हायस्कूल दिसले नाही. भावाच्या पुस्तकासाठी त्यांनी अंगावरचे उतरून दिले आणि नवऱ्याच्या घरात त्याचे काय उत्तर दिले ते त्यांनाच ठाऊक. बाबासाहेबांच्या राजगृहातील ग्रंथसंग्रहाची थोरवी सर्वजण गातात. त्या संग्रहातली पहिली पुस्तके मंजुळा आणि तुळसा यांच्या गहाण दागिन्यांची होती.

येथे मला आमच्या वस्तीतील एका माणसाची आठवण होते, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. माझ्या लहानपणी सानगडीस एक पेन्शनर हवालदार होते. नाव देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना ते आवडणार नाही. आम्ही त्यांना हवालदार काकाजी म्हणत असू. कामठीस भरती होऊन पलटणीत गेलेले. दिवेलागणीला ते ओसरीवर कंदील ठेवीत, आणि ज्याला अभ्यास करायचा त्याने यावे असे सांगीत. स्वतः ते जेमतेम चौथी झालेले असावेत. आमचे पुस्तक त्यांना कळत नसे. ते फक्त बसून राहत आणि कोणी पेंगले की काठी आपटीत. रॉकेल त्यांच्या पेन्शनीतून येई. काकीजी कधी कधी कुरकुरत, “पोरं लोकाईची, तेल आपलं.” काकाजी ऐकून न ऐकल्यासारखे करीत. त्या कंदिलाखाली आम्ही चार-पाच जण मॅट्रिकपर्यंत पोहोचलो. रामजींचे दोन वाजेपर्यंतचे जागरण वाचताना मला ती ओसरी दिसत होती.

असो. रामजी कबीरपंथी होते. मद्यमांस वर्ज्य. सकाळ-संध्याकाळ घरात प्रार्थना होई आणि मुलांनी तीत बसलेच पाहिजे असा लष्करी शिरस्ता होता. मुक्तेश्वर, तुकाराम यांचे काव्य त्यांना मुखोद्गत असे. रामायण-महाभारत ते मुलांकडून वाचून घेत. अशा पोथ्या आपण का वाचाव्यात, त्यांत तर आपल्यासारख्यांना हीन लेखले आहे, असा प्रश्न मुलाने केला. त्यावर रामजींचे उत्तर असे की, आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात कमीपणाची भावना येण्याचा संभव आहे. द्रोण आणि कर्ण हे लहान स्थितीतले, पण केवढ्या पदाला चढले पाहा. वाल्मीकी कोळी, पण रामायणाचा कर्ता झाला. मुलाचे समाधान झाले नाही, आणि हे त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. बापलेकांत येथे मतभेद होता. परंतु ज्या कबीराला बाबासाहेबांनी बुद्ध व जोतीराव फुले यांच्यासमवेत आपल्या तीन गुरूंमध्ये गणले, तो कबीर त्यांना प्रथम भेटला तो बापाच्या भजनातच.

भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील लोकांनी सत्कार करण्याचे ठरविले. रामजींनी विरोध केला. मुलगा फुगून जाईल, त्याने परीक्षा दिली यापलीकडे केले काय, असे त्यांचे म्हणणे. शेवटी लोक रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळूसकर यांच्याकडे गेले आणि त्यांनी समजूत घातली तेव्हा कुठे सभा झाली. त्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे १९५६ साली नागपुरास जे घडले त्याचे बीज या भेटीत शोधणारे पुष्कळ आहेत. बापाचा हट्ट चालला असता तर ती सभाच झाली नसती, हे लिहिताना मला हसू येते. मास्तर लोकांना आपल्या मुलाची स्तुती ऐकवत नाही, हा रोग जुनाच आहे.

शाळेत असतानाच भीमरावांचा विवाह दापोलीकडील धुत्रे कुटुंबातील रमाबाईंशी झाला. लग्न लागले भायखळ्याच्या बाजारात, रात्री व्यापार संपल्यावर रिकाम्या झालेल्या छपराखाली. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. उपकाराची फेड म्हणून बडोदे संस्थानात नोकरी करावी असे त्यांनी ठरविले. रामजींची इच्छा नव्हती. संस्थानी वातावरणात मुलाला अस्पृश्यतेचा जाच होईल ही भीती त्यांना असावी, आणि ती पुढे अक्षरशः खरी ठरली. मुलाने ऐकले नाही. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्यास गेले. संस्थानच्या लष्करात लेफ्टनंट म्हणून त्यांची नेमणूक झाली, असे चरित्रकार सांगतात. मालोजी, रामजी आणि आता भीमराव, अशी तिसरी पिढी गणवेशात आली, पण थोड्याच दिवसांपुरती.

बडोद्यास जाऊन पंधरवडाही झाला नसेल तोच तार आली. वडील अत्यवस्थ. भीमराव तसेच निघाले. सुरत स्टेशनवर गाडी थांबली, तेव्हा बापासाठी बर्फी घ्यावी म्हणून ते खाली उतरले. बर्फी घेईपर्यंत गाडी सुटली. पुढच्या गाडीने मुंबईस पोहोचण्यास एक दिवस अधिक लागला. खोलीत सारे भोवती बसलेले. रामजींनी डोळे उघडले, मुलगा दिसला, त्याच्या पाठीवरून थरथरता हात फिरविला. बोलणे होण्याजोगी स्थिती नव्हती. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचा अंत झाला. मुलाने त्या वेळी जो आक्रोश केला तो कोणाच्याने आवरला नाही, असे कीर लिहितात.

त्या बर्फीचे पुढे काय झाले ते कोणी लिहिलेले नाही.

सहा महिन्यांच्या आत, जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. लष्कराचे ते बंद दारही पुढे उघडले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची एक पलटण उभारली गेली, परंतु युद्धानंतर ती मोडण्यात आली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. तिची पहिली बटालियन बेळगावास उभारली गेली, आणि दुसरी आपल्या नागपूरशेजारी कामठीस. आमचे हवालदार काकाजी ज्या दारातून आत गेले ते हेच. रामजींचा अर्ज ज्या हुकुमाविरुद्ध होता तो फिरायला अशी जवळजवळ पन्नास वर्षे लागली. १९५४ साली बाबासाहेब आपल्या भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. जुनी माणसे ती गोष्ट निघाली की अजून मान खाली घालत, एवढे मी माझ्या लहानपणी पाहिले आहे.

त्या मुलाला मी अलीकडे घरी बोलावले आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले. घरी ते मुलाला शिकवीत, जागत, आणि पुस्तकासाठी मुलींच्या दारी जात, असे सांगितले. तो आता नववीत आहे. त्याने विचारले, बाबासाहेबांनी वडिलांबद्दल काही लिहिले काय. मी त्याला सांगितले की, लंडनमध्ये अभ्यास करून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर जो मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला तो १९२३ साली प्रसिद्ध झाला, आणि तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. तो ग्रंथ छापून आला तेव्हा रामजींना जाऊन दहा वर्षे झाली होती, आणि भीमाबाईंना सत्तावीस.